हिरडीवरची निळी रेघ : शिशाच्या कामगारांचं रक्त कुणी वाचलं?

लोकलमध्ये नेटवर्क गेलं म्हणून अर्धा एपिसोड सुटला, किंवा कानात घालून ऐकण्यापेक्षा वाचलेलं बरं, अशांसाठी हा लेखी भाग. बोलण्यातलं बोलणं थोडं तसंच ठेवलंय.

तर सुरुवात एका रिपोर्टने करू. तुमच्या मोबाइलच्या गॅलरीत कुठेतरी सीबीसीच्या रिपोर्टचा फोटो असेलच. आईचा, बाबांचा, तुमचा स्वतःचा. वरची ओळ हिमोग्लोबिनची. समजा तिथे ९.५ लिहिलंय. घरात लगेच निकाल लागतो : "रक्त कमी आहे." मग लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे. डॉक्टरही बहुतेक वेळा हेच सांगतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

पण समजा हा रिपोर्ट जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवणाऱ्या भट्टीवर काम करणाऱ्या माणसाचा आहे. मग तोच ९.५ चा आकडा वेगळंच काही सांगत असू शकतो. त्याच्या अंगात लोह भरपूर असेल, पण शरीराला ते वापरताच येत नसेल, कारण मध्ये शिसं येऊन बसलंय. अशा वेळी त्याला नुसत्या गोळ्या देऊन परत भट्टीवर पाठवणं म्हणजे काय करणं, ते आज बघायचंय. कामगाराच्या रक्तातून शिसं ओळखायला माणूस कसा शिकला, आणि ओळखल्यावर त्याचं काय केलं, हा आजचा विषय. दुसरा भाग जास्त गुंतागुंतीचा आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आधी एक गैरसमज दूर करू. शिसपेन्सिलीत शिसं नसतं. ते ग्राफाइट असतं, म्हणजे कार्बन. जुन्या लोकांना ते शिशासारखं दिसलं म्हणून नाव चिकटलं. खरं शिसं आपल्या आजूबाजूला दुसरीकडे आहे. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं लालभडक ऑक्साइड. जुन्या रंगकामातला सफेदा म्हणजे शिशाचं कार्बोनेट. डाख लावायचा, म्हणजे सोल्डरिंगचा, धातू हा कथील आणि शिशाचं मिश्रण. छापखान्यातले खिळे, म्हणजे टाइप, ते शिसं, अँटिमनी आणि कथील यांचे. निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी ज्या देखण्या देवनागरी खिळ्यांवर मराठी आणि संस्कृत पुस्तकं छापली, तो सगळा संसार शिशावरच उभा होता. आणि आज? जगातल्या शिशापैकी साधारण ८५ टक्के जातं बॅटऱ्यांमध्ये. गाडीची बॅटरी, इन्व्हर्टर, ई-रिक्षा. तुमच्या फोनची बॅटरी लिथियमची आहे, बरोबर. पण लाइट गेल्यावरही तुम्हाला रेंज मिळते ना, त्या टॉवरच्या पायथ्याशी वर्षानुवर्षं शिशाच्याच बॅटऱ्या ठेवलेल्या असायच्या. अजूनही पुष्कळ ठिकाणी आहेत.

शिसं विषारी आहे हे ग्रीकांना, रोमनांना माहीत होतं. तो भाग मी पटकन ओलांडते, कारण त्यांना ते माहीत असून काही फरक पडला नाही. खाणीत गुलाम होते. मला थांबायचंय ते १७०० सालात, इटलीतल्या मोडेना शहरात. बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरने कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात कुंभारांवर एक प्रकरण आहे. मडक्यांना चकाकी यावी म्हणून ते शिशाचा लेप वापरायचे. त्याने लिहिलं की आधी यांचे हात थरथरायला लागतात, मग लुळे पडतात, चेहरा मातकट होतो, दात जातात. आणि त्याने डॉक्टरांना एक सल्ला दिला. पेशंटला जे नेहमीचे प्रश्न विचारता त्यात आणखी एक घाला : तुम्ही काम काय करता?

म्हणजे शिसं ओळखायची पहिली टेस्ट एक प्रश्न होता. फुकटातला.

बेंजामिन फ्रँकलिन तुम्हाला विजेमुळे आणि पतंगामुळे माहीत असेल. तो मूळचा छापखान्यातला माणूस. तरुणपणी लंडनमध्ये काम करताना खिळ्यांची पेटी विस्तवाजवळ ठेवून गरम करायची पद्धत त्याने पाहिली. थंडीत बरं वाटायचं हाताला. एका जुन्या कामगाराने त्याला सावध केलं की असं करशील तर हात लोंबायला लागतील. १७८६ साली, म्हातारपणी, फ्रँकलिनने हे सगळं एका मित्राला पत्रात लिहिलं, आणि हेही म्हटलं की एखादं उपयोगी सत्य माहीत होऊनही ते मान्य व्हायला किती काळ जातो ते बघ. खिळे जुळवणाऱ्या कामगाराला जे माहीत होतं ते डॉक्टरांच्या पुस्तकात यायला वेळ लागत होता.

एकोणिसाव्या शतकात डॉक्टर खरोखर मोजायला बसले. पॅरिसच्या शारिते हॉस्पिटलमध्ये तांकरेल दे प्लांश या डॉक्टरने शिशाचे बाराशेहून जास्त पेशंट तपासले आणि १८३९ मध्ये दोन जाडजूड खंड काढले. रंगारी आणि सफेदा बनवणारे कामगार यात मोठ्या संख्येने. पोटात असह्य कळा, बद्धकोष्ठ, सांधेदुखी, मनगट लुळं, काही जणांना झटके. आणि सगळ्यांत एक खूण : चेहऱ्याचा रंग. राखेसारखा फिका. रक्ताचा प्रश्न आहे हे डोळ्यांना दिसत होतं, पण रक्तात नेमकं काय होतंय हे माहीत नव्हतं.

पुढच्याच वर्षी, १८४० मध्ये, लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या हेन्री बर्टनने एक साधी गोष्ट टिपली. अशा पेशंटचे ओठ वर करून पाहिलं की हिरडीच्या कडेला, दाताला लागून, एक बारीक निळसर रेघ दिसते. आजही तिला बर्टनची रेघ म्हणतात. रक्तातलं शिसं हिरडीपर्यंत पोचतं, तोंडातल्या जंतूंनी तयार केलेल्या गंधकाच्या वायूशी त्याची गाठ पडते, आणि शिशाचं सल्फाइड तिथे बसतं. म्हणून निळी-काळी रेघ.

आता यातली गंमत बघा. ज्याचे दात स्वच्छ, त्याच्या तोंडात ते जंतू कमी, म्हणून रेघ दिसतच नाही. अंगात शिसं असूनही. म्हणजे रेघ असेल तर शिसं आहे हे जवळजवळ नक्की, पण रेघ नसेल तर काहीच नक्की नाही. आजच्या भाषेत, टेस्ट पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवा, निगेटिव्ह आली तर ठेवू नका.

इंग्लंडमध्ये १८९५ च्या कायद्याने डॉक्टरांना बंधन घातलं की कारखान्यातला शिशाच्या विषबाधेचा पेशंट आला तर सरकारला कळवायचं. १८९८ मध्ये थॉमस लेग हा तिथला पहिला सरकारी वैद्यकीय कारखाना निरीक्षक झाला. १९०० साली त्याच्या टेबलावर अशा १०५८ नोंदी आल्या. एका वर्षात. हा आकडा कागदावर आला म्हणून धूळ खेचणारे पंखे आले, ठरावीक काळाने तपासण्या आल्या, आणि पुढच्या वर्षांत नोंदी कमी होत गेल्या. लेगचं म्हणणं थोडक्यात असं होतं की मालकाने सगळं केल्याशिवाय कामगार स्वतःला वाचवायला जवळजवळ काहीच करू शकत नाही. "हात धुवा, नखं कापा" असं भिंतीवर लिहून भागत नाही. धूळ नाकातून जाते, आणि श्वास तर बंद ठेवता येत नाही ना!

इथे आपल्याकडचा एक धागा येतो. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, पहिलीच. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते ना. म. जोशी. मूळचे कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. मुंबईतला त्यांच्या नावाचा रस्ता तुम्ही रोज ओलांडत असाल. त्या परिषदेत बायका आणि मुलांना शिशाच्या विषबाधेपासून वाचवण्याची एक खास शिफारस मंजूर झाली. १९२१ मध्ये जिनिव्हात रंगातल्या सफेद्यावर निर्बंध घालणारा करार झाला. आणि १९२३ मध्ये आपल्याकडे कामगार नुकसानभरपाई कायदा आला, त्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा होती. शंभर वर्षं झाली. कायदा नव्हता अशी तक्रार आपल्याला करता येत नाही. थॉमस लेगचं काय झालं? सफेद्याच्या करारावर ब्रिटनने सही करायचं नाकारलं, आणि १९२६ मध्ये त्याने राजीनामा दिला. पुस्तकात हा प्रसंग दोन ओळींत संपतो, पण सरकारी नोकरीत असं करणारे फार सापडत नाहीत.

आता आजच्या गोष्टीतली माझी आवडती व्यक्ती. डॉ. ॲलिस हॅमिल्टन.

शिकागोतल्या हल हाऊस नावाच्या वस्तीत त्या राहायच्या. आजूबाजूला इटालियन, पोलिश, ग्रीक, बल्गेरियन, परदेशातून आलेली गरीब कामगार कुटुंबं. १९१० मध्ये इलिनॉय राज्याने कामगारांच्या आजारांची पाहणी करायचं ठरवलं आणि शिशाचं काम हॅमिल्टनबाईंकडे आलं. कारखान्यात शिरायचा कायदेशीर हक्कसुद्धा त्यांना धड नव्हता. मालक म्हणायचे, आमच्याकडे कुणी आजारी नाही. आणि ते एका अर्थी खरंच असायचं, कारण आजारी पडलेला माणूस काम सोडून गेलेला असायचा.

मग त्या हॉस्पिटलची रजिस्टरं चाळायला लागल्या. तिथून नावं घेऊन घरोघर. औषधाची दुकानं, दारूचे गुत्ते, चर्चचे पाद्री, अंत्यविधीचं सामान पुरवणारे. जिथे जिथे कामगाराची बातमी असते तिथे तिथे. एकदा त्यांना बाथटबला इनॅमल लावणारा एक पोलिश कामगार हॉस्पिटलात सापडला, शिशाने आजारी. इनॅमलमध्ये शिसं असतं हे त्यांनी तोपर्यंत ऐकलंही नव्हतं. त्या कारखान्यात गेल्या, तर तिथे सगळं व्यवस्थित. शिशाचा पत्ता नाही. मग कामगाराच्या घरी जाऊन विचारल्यावर कळलं की खरं इनॅमलचं काम दुसऱ्याच जागी चालतं. तापलेल्या लालभडक टबवर कामगार इनॅमलची पूड चाळणीतून पेरतोय, आणि तोंड उघडं ठेवून धापा टाकतोय. पूड तपासली, शिसं निघालं. अशी एकेक करत सत्तरहून जास्त कामं त्यांनी शोधली ज्यांत कामगाराला शिसं बाधतं.

आणि त्यांनी स्वतःवर एक कडक अट घातली होती. नुसतं "पोटात दुखतं, अशक्त वाटतं" म्हटलं तर केस मोजायची नाही. हिरडीवर स्पष्ट रेघ दिसायला हवी किंवा हॉस्पिटलच्या डॉक्टरचं निदान असायला हवं. का? कारण मालकांचे वकील एक कच्ची केस पकडून सगळा अहवाल फेकून देतील. म्हणजे हॅमिल्टनबाईंना माहीत होतं की खरा आकडा याच्या कितीतरी पट असणार. बर्टनची रेघ न दिसलेले सगळे यादीबाहेर. पण जे यादीत आहेत त्यांच्याबद्दल कुणी तोंड उघडू शकत नव्हतं. अहवाल आला आणि १९११ मध्ये इलिनॉयमध्ये कामगारांच्या आजारांचा कायदा झाला. (पुढे १९१९ मध्ये हार्वर्डने त्यांना पहिली स्त्री प्राध्यापक म्हणून घेतलं. अटी काय? प्राध्यापकांच्या क्लबमध्ये यायचं नाही, फुटबॉलची तिकिटं मागायची नाहीत, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचं नाही. फुटबॉलची तिकिटं! असो.)

तोवर मायक्रोस्कोपने डॉक्टरांना हिरडीच्या पुढे नेलं होतं. रक्ताचा थेंब काचेवर पसरून निळ्या रंगाने रंगवला की शिशाच्या कामगारांच्या काही तांबड्या पेशींत बारीक निळे ठिपके दिसतात. एखाद्या लाल फुग्यावर शाई शिंपडावी तसे. ते शिशाचे कण नव्हेत. तांबडी पेशी तयार होताना आतला जुना पसारा, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचे उरलेले तुकडे, साफ व्हायला हवेत. ती साफसफाई एक एन्झाइम करतं, आणि शिसं त्याला बंद पाडतं. कचरा तसाच राहतो, त्याचे ठिपके दिसतात.

आता एक मिनिट शरीरशास्त्र. कंटाळू नका, पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं, आणि त्याच्या गाभ्यात हीम नावाचा रेणू. हीम म्हणजे एक कडी आणि कडीच्या मधोमध बसवलेला लोहाचा अणू, अंगठीत खडा बसवावा तसा. ही कडी आठ टप्प्यांत बनते. शिसं मुख्यतः दोन ठिकाणी घात करतं. सुरुवातीला एएलएडी नावाचं एन्झाइम आहे, त्याला शिसं दाबून टाकतं, म्हणून कच्चा माल साचतो आणि लघवीतून बाहेर पडायला लागतो. आणि अगदी शेवटी, लोह कडीत बसवायचं जे काम, तेही बिघडतं. कडी तयार, पण लोहाचा खडा बसत नाही. मग शरीर काय करतं? लोहाच्या जागी जस्त, म्हणजे झिंक, बसवून टाकतं. अशा कडीला झिंक प्रोटोपॉर्फिरिन म्हणतात, थोडक्यात झेडपीपी. तिला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. पण तिच्यात एक गुण आहे, तो पुढे सांगते.

मधल्या काळात मोठा घोळ झाला. १९२३ पासून अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिशाचं एक द्रवरूप संयुग, टेट्राएथिल लेड, घालायला लागले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात ते बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन पाच जण मेले. कामगार त्या इमारतीला आधीपासूनच वेड्या गॅसची इमारत म्हणायचे. हे संयुग कातडीतून आत शिरतं आणि थेट मेंदूवर जातं. हॅमिल्टनबाईंनी १९२५ च्या सरकारी बैठकीत विरोध केला. सरकारने समिती नेमली, तिने ओहायोतले गॅरेज कामगार आणि ड्रायव्हर तपासले, आणि बंदी घालण्यासारखं काही सापडलं नाही असं सांगितलं. पेट्रोल सुरू राहिलं. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं या विषयातला शब्द चालला तो रॉबर्ट केहो यांचा. त्यांच्या सिनसिनाटीतल्या प्रयोगशाळेला शिशाच्या कंपन्यांचा पैसा होता. केहोंचं म्हणणं : शिसं सगळ्यांच्याच अंगात असतं, ते नैसर्गिकच आहे, आणि रक्तात ८० च्या खाली असेल तर माणूस ठीक.

हे ८० म्हणजे एका डेसीलिटर रक्तात ८० मायक्रोग्रॅम. एक डेसीलिटर म्हणजे साधारण कटिंग चहाचा ग्लास. आणि मिठाचा एक बारीक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा धरा. म्हणजे एक ग्लास रक्तात मिठाच्या दीड कणापेक्षाही कमी वजनाचं शिसं. या इतक्याशा गोष्टीवरून माणूस "ठीक" की "आजारी" हे ठरत होतं. आपलं म्हणणं सिद्ध करायला केहोंनी मेक्सिकोच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्यांना तपासलं. बघा, इथे कारखाना नाही, गाड्या नाहीत, तरी शिसं आहे! पण ते लोक शिशाचा लेप दिलेल्या मडक्यांत जेवत होते. रामाझ्झिनीचे कुंभार आठवा.

हा डोलारा दोन-तीन बाजूंनी कोसळला. पृथ्वीचं वय शोधणारे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये मांडलं की आजच्या माणसात जे शिसं सगळीकडे सापडतं ते नेहमीचं असेल, नैसर्गिक नाही. आणि १९७० मध्ये फिनलंडच्या स्वेन हर्नबर्ग यांनी शहरातले साधे लोक तपासले, कारखान्याशी संबंध नसलेले. त्यांच्यातही शिसं जरा जास्त, तर ते एएलएडी एन्झाइम जरा कमी. ८० वगैरे कुठलीही भिंत मध्ये नव्हती. रक्त खूप आधीपासून तक्रार करत होतं, ऐकायला कुणी गेलं नव्हतं.

आणि मग १९७४. हा किस्सा मला फार आवडतो, कारण तो टेलिफोनवाल्यांच्या घरातला आहे. अमेरिकेतली बेल लॅब्ज, जिथे ट्रान्झिस्टरचा जन्म झाला, तिथले लामोला आणि यामाने हे शास्त्रज्ञ रक्तातल्या चमकणाऱ्या पदार्थांचा अभ्यास करत होते. त्यांना कळलं की शिशाच्या पेशंटच्या तांबड्या पेशींत जे चमकतं ते ती झिंकची कडी आहे. हाच तिचा गुण. तिच्यावर निळ्या-जांभळ्या रंगाचा प्रकाश टाकला की ती लालसर चमकते. लोह बसवलेली कडी चमकत नाही. म्हणजे प्रयोगशाळेत दिवसभर रसायनं ढवळायची गरज नाही. बेल लॅब्जमधल्या मंडळींनी एक छोटं यंत्र बनवलं. बोटाला सुई टोचा, थेंब काचेवर घ्या, प्रकाश टाका, आकडा वाचा. हे यंत्र कारखान्याच्या गेटवर, युनियनच्या ऑफिसात नेता येत होतं. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी शिसं वितळवणाऱ्या कामगारांवर ते वापरलं. कामगाराला त्याचा आकडा तिथल्या तिथे कळायला लागला. माझ्या मते शोधापेक्षा ही गोष्ट मोठी. तोवर रिपोर्ट कंपनीच्या डॉक्टरकडे जायचा आणि कपाटात राहायचा.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून झेडपीपी मागच्या तीन-चार महिन्यांची गोष्ट सांगतं. रक्तातलं शिसं मोजलं तर ते अलीकडचं सांगतं, कारण रक्तातून ते साधारण महिन्याभरात निम्मं होतं. पण जातं कुठे? काही बाहेर पडतं, बरंचसं हाडात जाऊन बसतं, आणि हाडात ते दशकंच्या दशकं राहतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडात असतं. म्हणून काम सोडून वर्षं झाली, तरी म्हातारपणी किंवा गरोदरपणात हाडं झिजली की ते परत रक्तात येतं.

आता आकडा हातात आला. पण आकड्याचं करायचं काय? सरळ उत्तर वाटतं : ज्याचा आकडा जास्त, त्याला शिशापासून दूर करा. पण दूर करा म्हणजे घरी पाठवा, आणि घरी पाठवा म्हणजे पगार बंद. मग कोण टेस्ट करून घेईल? लोक टाळायचे. आणि काही मालकांनी याहून भयंकर वाट काढली. शिसं बांधून लघवीतून बाहेर काढणारी औषधं आहेत, चिलेशन म्हणतात. ती खऱ्या पेशंटला, हॉस्पिटलात द्यायची. काही कारखान्यांत ती सरसकट दिली जायची, म्हणजे रक्तातला आकडा खाली येतो आणि माणूस भट्टीसमोर तसाच उभा राहतो. मूत्रपिंडांवर ताण पडतो तो वेगळाच. रिपोर्ट सुधारला, माणूस नाही.

म्हणून १९७८ चा अमेरिकेतला शिशाचा नियम महत्त्वाचा. त्याने असं चिलेशन बंद केलं. आणि सांगितलं की रक्तातलं शिसं ठरावीक आकड्याच्या वर गेलं, अखेरीस ती रेषा सरासरी ५० वर आली, तर कामगाराला शिशाच्या कामातून हलवा, ४० च्या खाली आल्यावर परत घ्या, आणि या काळात, १८ महिन्यांपर्यंत, त्याचा पगार आणि सेवाज्येष्ठता तशीच ठेवा. कंपन्या कोर्टात गेल्या, कोर्टाने १९८० मध्ये नियम मोठ्या प्रमाणात कायम ठेवला. पगाराची ही एक ओळ नसती तर बेल लॅब्जचं ते सुंदर यंत्र कामगाराला कामावरून काढायचंच यंत्र झालं असतं.

तसं झालंही, बायकांच्या बाबतीत. त्याच १९७८ मध्ये, वेस्ट व्हर्जिनियात विलो आयलंडच्या रंगद्रव्याच्या कारखान्यात, अमेरिकन सायनामिड कंपनीने सांगितलं की मूल होऊ शकणाऱ्या बायकांना शिशाच्या विभागात काम करता येणार नाही. नोकरी टिकवण्यासाठी पाच बायकांनी मूल न होण्याचं ऑपरेशन करून घेतलं. पाच. नंतर तो विभागच बंद झाला. शिसं पुरुषांच्या वीर्यावरही परिणाम करतं, पण पुरुषांना कुणी ऑपरेशनचा पर्याय दिला नव्हता. हा प्रश्न शेवटी एका बॅटरी कंपनीच्या, जॉन्सन कंट्रोल्सच्या, खटल्यात सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९९१ मध्ये कोर्टाने असली सरसकट बंदी बेकायदा ठरवली.

पेट्रोलचं पुढे काय झालं? १९७६ ते १९८० मध्ये अमेरिकेत पेट्रोलमधलं शिसं कमी होत गेलं, आणि साध्या जनतेच्या रक्तातली सरासरी साधारण १४.६ वरून ९.२ वर आली. केहोंचं "नैसर्गिक" शिसं पंपावरून येत होतं. आपल्याकडे शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं. आता तिथे मोठ्यांच्या रक्तात ३.५ च्या वर गेलं तरी ते जास्त म्हणून नोंदवतात. ८० वरून ३.५!

मग आपल्याकडच्या भट्टीवरचा माणूस? १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये शिशाची विषबाधा हा सरकारला कळवायचा आजार होता. महाराष्ट्राच्या १९६३ च्या फॅक्टरी नियमांत बॅटरी बनवणं धोकादायक कामांत येत होतं, ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी लागायची. मोठ्या कारखान्यांत ती होते. पण भंगारातून आलेली बॅटरी कुऱ्हाडीने फोडून, आम्ल गटारात ओतून, उघड्यावर शिसं वितळवणारी भट्टी कुठल्याच रजिस्टरवर नसते. तिथला माणूस रक्त तपासायला जातो तो गल्लीतल्या लॅबमध्ये, आणि ते करतात सीबीसी.

आणि इथे आपल्या देशाची खास अडचण आहे. लोह कमी असलं तरी झेडपीपी वाढतं. कडी तयार आहे, खडाच नाही, मग झिंक बसतं. यंत्राला दोन्ही सारखंच दिसतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयी निघाले. म्हणजे फिका चेहरा, कमी हिमोग्लोबिन, वाढलेलं झेडपीपी, यातलं काहीच आपल्याकडे एकट्याने शिशाकडे बोट दाखवत नाही. वर आणखी एक : ज्याच्या अंगात लोह कमी, त्याचं आतडं शिसं जास्त शोषतं. म्हणून लोहाच्या गोळ्या चुकीच्या नाहीत, अपुऱ्या आहेत. सरळ मार्ग म्हणजे रक्तातलं शिसंच मोजणं. मोठ्या लॅबकडे ही टेस्ट मिळते, वेगळी सांगावी लागते, सीबीसीच्या पॅकेजमध्ये येत नाही. शिरेतून रक्त घेतलेलं चांगलं. बोटातून घ्यायचं तर हात आधी साबणाने नीट धुतलेला हवा, नाहीतर बोटावरची धूळच थेंबात उतरते आणि आकडा उगाच फुगतो. आणि भट्टीवरचे कपडे घरी आणून लेकरांच्या कपड्यांत धुऊ नका. ती धूळ घरात येते, आणि मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा जास्त शिसं शोषतं.

रक्त द्यायला गेलात की लॅबचा फॉर्म एकदा नीट बघा. नाव, वय, स्त्री की पुरुष, कुठल्या डॉक्टरने पाठवलं, उपाशीपोटी की जेवून. काम काय करता, हा रकाना सहसा नसतो. विचारलं नाही तरी सांगून टाका. बॅटरीचं काम, डाख लावायचं काम, जुना रंग खरवडायचं काम, जे असेल ते. डॉक्टरांना सांगा, ते शिशाची टेस्ट लिहून देतील.

पुढच्या एपिसोडमध्ये गिरणीतली कापसाची धूळ आणि फुप्फुसं. तोवर, ऐकत राहा.